रेघेखालच्या पाच वस्त्या

माझ्या नोकरीतला सगळ्यात गाजलेला टँकर अशा माणसाच्या दारात जाऊन उभा राहिला, ज्याच्या अंगणात स्वतःचं बोअर होतं आणि त्या बोअरला ऐन मे महिन्यात मोटर चालेल इतकं पाणी होतं. टँकर सरकारी, मंजुरी सरकारी आणि त्या मंजुरीमागचा नकाशा माझा. माझ्या निवृत्तीच्या समारंभात सगळ्यांनी माझ्या सुबक कामाचं तोंड भरून कौतुक केलं, पण या टँकरबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. माझ्या तोंडाला सगळे भीत होते, दुसरं काय. आता मी घरी आहे, तेव्हा मीच सांगून टाकते.

माझं पद अनुरेखक. म्हणजे खाली मूळ नकाशा, वर ट्रेसिंगचं कापड, आणि काळ्या शाईने रेघ न रेघ उतरवायची. बीडच्या कचेरीत मी हे चौतीस वर्षं केलं. माझ्या सासूबाई पाहुण्यांना सांगायच्या, "सून कापडावर चित्रं काढती, अन् त्येचा सरकार पगार देतं." त्यांना ते कधी कळलं नाही, पण एक नदी वळणासकट कापडावर उतरवायची तर अर्धा दिवस श्वास धरून बसावं लागतं. वाकडी रेघ दिसली की माझं डोकं सणकायचं. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे माझ्या टेबलाला वळसा घालून जायचे, आणि मला ते आवडायचं.

मग कॉम्प्युटर आला. माझ्या बरोबरीचे दोघं-तिघं आजारपणाच्या रजेवर गेले, मी मात्र हट्टाने शिकले. माझ्या हातचे सगळे कापडी नकाशे मशीनमध्ये चढले, आणि शेवटच्या काही वर्षांत तर जिल्ह्याचा नकाशा मोबाईलवरही दिसायला लागला. प्रत्येक वस्ती म्हणजे एक ठिपका, प्रत्येक विहीर, बोअर, पाझर तलाव म्हणजे एकेक ठिपका. उन्हाळ्यात टंचाई कक्ष सुरू झाला की त्या ठिपक्यांना भाव यायचा.

बाहेरच्यांसाठी हे काम कसं चालतं ते सांगते, अवघड नाही. अंगणात सांडगे वाळत घातलेत असं समजा. त्यावर एक चाळण पालथी घातली. चाळणीखाली आले ते तुमचे, बाहेर राहिले ते कावळ्यांचे. नकाशावर ही चाळण आपणच आखायची. माऊसने एक-एक कोपरा क्लिक करत जायचं, रेघ मागे मागे येते, शेवटी डबल क्लिक केलं की घेर मिटतो. मग कॉम्प्युटर घेराच्या आतले ठिपके निवडतो आणि बाजूला यादी लावतो. सरपंचाने पाणी नसलेल्या भागाला घेर घालायचा, आतल्या वस्त्यांची यादी निघायची, साहेबांची सही व्हायची, टँकर सुटायचा.

हे सगळं बसवलं वसीमने. वसीम कंत्राटावरचा इंजिनिअर, बीडचाच, वडिलांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान. स्वभावाने इतका शांत, की मी चिडले की तो चहा मागवायचा. काम जुळत आलं तेव्हा तो माझ्यासमोर येऊन बसला.

"मॅडम, एक सवाल आहे. आतलं धरायचं, बाहेरचं सोडायचं, हे ठीक. जे बरोबर रेघेवर येईल ते धरायचं का?"

मी डोकंही वर केलं नाही. म्हटलं, "नाही. रेघ म्हणजे हद्द. हद्दीवर कुणी राहत नाही."

"पण माणूस क्लिक कुठं करील, त्याचा नेम नाही."

"मग माणसाला क्लिक करायला शिकवा. नकाशाला बिघडवू नका."

असं म्हणून त्या नियमाच्या कागदावर मी सहीसुद्धा केली. वसीमने चहा मागवला.

माणसाला क्लिक करायला शिकवणं हे बोलायला सोपं आहे. तालुक्या-तालुक्यात जाऊन आम्ही सरपंच आणि ग्रामसेवकांची शिबिरं घेतली. गेवराईला एक पुढारी घेर आखायला बसले आणि थांबेचनात. गोदावरी ओलांडली, जिल्हा ओलांडला, तरी क्लिक चालूच. मी म्हटलं, "साहेब, डबल क्लिक करा, मिटेल." ते म्हणाले, "मॅडम, मी एकदाच सांगत असतो. दुसऱ्यांदा सांगायची आपली सवय न्हाई." आष्टी तालुक्यातल्या एका विस्तार अधिकाऱ्यांनी तर वेगळीच करामत केली. त्यांना सांगितलं होतं, टँकर लागणारा भाग दाखवा. त्यांनी गावातून निघून कडा गावाच्या रस्त्याने शेवटच्या वस्तीपर्यंत क्लिक केलं आणि त्याच रस्त्याने परत गावात आले. टँकर जसा जाईल तसे. घेराला पोटच नव्हतं, आत येणार काय? यादी कोरी निघाली, आणि ते माझ्यावरच उखडले की तुमचं मशीन आमचा तालुका मानतच नाही.

तेव्हा मी हसले. आपल्याकडचा माणूस जागा सांगताना वाट सांगतो, हे मला तेव्हाच समजायला हवं होतं. कुणालाही पत्ता विचारा, तो तुम्हाला अमक्या नाल्यापासून तमक्या खांबापर्यंत चालवतच नेतो. पण मला हसायचं होतं, समजून घ्यायचं नव्हतं.

मग आले भानुदासराव. नेकनूरच्या पलीकडच्या एका गावाचे सरपंच, पन्नाशीतले, अतिशय सरळ माणूस. त्यांच्या गावाच्या पाच वस्त्यांना पाणी नव्हतं, आणि टँकरचा खरा प्रस्तावच त्यांनी शिबिरात भरायला घेतला. त्यांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि जीभ दातात धरून एक-एक वस्ती शोधून बरोबर तिच्या ठिपक्यावर क्लिक केलं. पाच वस्त्या, पाच कोपरे, डबल क्लिक, घेर मिटला.

"मॅडम, नेम बघा."

मी पाहिलं. इतका स्वच्छ पंचकोन मी कुठल्याच शिबिरात पाहिला नव्हता. मी सगळ्या हॉलसमोर त्यांना शाबासकी दिली आणि बाकीच्यांना म्हटलं, "शिका जरा." बाजूला यादी उमटली होती, ती मात्र त्यांनी पाहिली नाही आणि मीही पाहिली नाही. रेघ पाचही वस्त्यांवरून गेलेली डोळ्यांना दिसत होती, यादी कशाला वाचायची.

यादीत एकच नाव होतं. पाचही वस्त्या रेघेवर, म्हणजे माझ्या नियमाने बाहेर. पंचकोनाच्या मधोमध, चांगलं ऐसपैस, उत्तमरावांचं शेतातलं घर. उत्तमराव म्हणजे भानुदासरावांच्या विरोधातले पॅनलप्रमुख. मागे कधीतरी डांबरी रस्ता दारापर्यंत यावा म्हणून त्यांनी ते एकटं घर वस्ती म्हणून नोंदवून घेतलं होतं. साहेबांनी सही केली, सोमवारी टँकर सुटला आणि उत्तमरावांच्या फाटकाशी जाऊन त्याने हॉर्न दिला.

पुढचं सगळं मला फोनवरच कळत गेलं. उत्तमरावांना वाटलं हा आपल्याला बदनाम करायचा डाव. ते टँकरच्या मडगार्डवर चढले आणि त्यांनी व्हिडिओ काढून सगळीकडे पाठवला, की बघा, मला पाणी पाजून गप्प करायला निघालेत. इकडे भानुदासरावांचे स्वतःचे सदस्य म्हणायला लागले, सरपंच फुटले, रात्रीतून सेटिंग झाली. भानुदासरावांच्या घरी त्यांच्या बायकोनेही त्यांना विचारलं म्हणे, की खरं सांगा, काय ठरलं तुमचं. त्यांचा मला फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता.

"मॅडम, मी पाची ठिपक्यांच्या बरोबर काळजावर क्लिक केलतं हो. तुमी शाबासकी दिलती."

मी नकाशा उघडला आणि एका नजरेत काय झालं ते मला कळलं. आता खरं सांगायचं तर त्या क्षणी मला भानुदासरावांचा राग आला. ठिपक्याच्या बाहेरून घेर घालायचा एवढी साधी गोष्ट. मी तडक टिपणी लिहायला घेतली, "वापरकर्त्याने क्षेत्र सदोष आखल्यामुळे." हे वाक्य मला फार आवडलं होतं.

टिपणी अर्धी झाली आणि माझ्या टेबलावर ठण्णकन जर्मनचा हंडा आदळला. हंड्यामागे एक साठीची बाई उभी होती, डोक्यावर पदर, पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. नाव गयाबाई, राहणार तांबड्या माळाची वस्ती, म्हणजे त्या पाचांतली एक. तांबडं फुटायला निघून पायी नेकनूर आणि तिथून एसटीने बीड, असं करून ती आली होती.

"तुमीच का नकाशावाल्या बाई?"

"हो."

"मंग ह्यात भरा."

"काय भरू?"

"नकाशा. पानी तर न्हाई आलं. सरपंच म्हनतो, नकाशात आलंय. मंग तेच घिऊन जाते."

कचेरीत कुणीतरी खोकलं, म्हणजे हसणं दाबलं. शिपाई फाइलींमागे गेला. मी गयाबाईंना खुर्ची दिली, चहा सांगितला. त्या म्हणाल्या, चहा नको, आधी पाणी द्या. दोन तांबे गटागट प्यायल्या, तिसरा मागितला आणि तो पिता पिता मध्येच थांबून तांब्याकडे बघत बसल्या. घरी सून नुकतीच बाळंत झालेली, आणि नातवाला अंघोळ घालायला तिसऱ्या दिवशी पाणी मिळतं, असं त्यांनी सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही, असंच.

मग म्हणाल्या, "आमची वस्ती दावा."

मी नकाशा मोठा केला. "ही बघा, तांबड्या माळाची वस्ती."

त्यांनी पडद्याजवळ नाक नेलं. "ही रेघ कुनाची?"

"सरपंचांची. तुमची वस्ती घ्यायची म्हणून त्यांनी आखलीय."

"घ्यायची म्हनून आमच्यावर बोट ठिवलं?"

"हो."

"आन् बोट ठिवलं म्हनूनच सोडलं. कावून?"

मी समजावून सांगायला लागले. घेराच्या आत काय असतं, बाहेर काय असतं, रेघ म्हणजे हद्द. "आणि हद्दीवर," मी म्हटलं, "कुणी राहत नाही."

"आमी ऱ्हातोय की," गयाबाई म्हणाल्या. "चाळीस उंबरे हायती."

वसीम मागे येऊन उभा होता. त्याने तोंड उघडलं असतं, मी सांगितलं होतं म्हणाला असता, तर मला त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. तो मेला चहा सांगायला वळला. मी त्याला व्हरांड्यात घेऊन गेले.

"आता काय करता येईल?"

"दोन रस्ते आहेत, मॅडम. सरपंचांनी घेर पुन्हा आखायचा. म्हणजे नवा प्रस्ताव, नवा ठराव, पुन्हा संयुक्त पाहणी. आठ-दहा दिवस कुठं गेले नाहीत."

"आणि दुसरा?"

"रेघेला टेकलेलंही आत धरायचं. प्रोग्राममध्ये एक ओळ बदलायची आहे. जुना घेर तसाच राहील, यादी आत्ता नवी निघेल." मग तो जरा घुटमळला. "पण तो नियम तुमच्या सहीचा आहे. बदलायला तुमच्याच सहीचा कागद लागेल, कारण देऊन."

आठ-दहा दिवस. आत गयाबाई रिकामा तांब्या शिपायाकडे परत देत होत्या. मी टेबलाशी आले, लिहिलेली टिपणी फाडली आणि नवी लिहिली. "सदर नियम ठरवताना माझी चूक झाली आहे." एवढं वाक्य लिहायला मला एक नदी उतरवण्याइतका वेळ लागला. इतक्या वर्षांत मी दुसऱ्यांकडून खुलासे लिहून घेतले होते, स्वतःचा एकही दिला नव्हता.

साहेबांनी टिपणी वाचली. चष्मा काढला, पुन्हा लावला, पुन्हा वाचली.

"बाई, तुमची चूक?"

"हो."

त्यांनी बेल दाबून स्टेनोला आत बोलावलं. "हे वाचा. मला एकट्याला दिसतंय का तेवढं सांगा." स्टेनोने वाचून माझ्याकडे भीतभीत पाहिलं. साहेबांनी सही केली आणि म्हणाले, "याची एक झेरॉक्स मला वैयक्तिक ठेवायला द्या." मग गंभीर होऊन म्हणाले, "उद्या पहिल्या टँकरबरोबर तुम्ही स्वतः जा. पाणी पोचलं का, डोळ्यांनी बघून या."

वसीमने ओळ बदलली आणि यादीत सहा नावं आली. उत्तमराव अजून होतेच, ते मधोमध असल्यामुळे कुठल्याच नियमाने हटेनात. साहेबांनी त्यांच्यावर लाल पेनाने काट मारली. गयाबाईंनी यादीचा कागद मागून घेतला, घडी करून हंड्यात टाकला आणि हंडा कमरेला लावून एसटी स्टँडकडे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मी टँकरच्या केबिनमध्ये. पुढे मोटारसायकलवर भानुदासराव, अब्रू परत मिळाल्यासारखे ताठ बसलेले. ड्रायव्हर मोबाईलवर नकाशा लावून चालवत होता. डांबरी संपली, मुरूम संपला, एका बाभळीपाशी येऊन मोबाईल म्हणाला की तुम्ही पोचलात. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी खाली उतरले. दगड, बाभळी आणि एक पडकी विहीर. घर एकही नाही. वर, चढाच्या टोकाला, वस्ती दिसत होती, आणि तिकडून बायका हंडे घेऊन पळत येत होत्या.

"वर घ्या ना टँकर," मी ड्रायव्हरला म्हटलं.

"न्हाई मॅडम. ठिपका हितं हाय. पानी सोडल्याचा फोटो ठिपक्यावरच निघाला पायजे, न्हाईतर खेप धरत न्हाईत."

गयाबाई सगळ्यांच्या आधी पोचल्या. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं.

"बाई, हितं तर आमचं भूत बी ऱ्हात न्हाई."

कोणत्या गाढवाने ठिपका इथे ठेवला म्हणून मी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. तो ठिपका मीच ठेवला होता. तालुक्याचा नकाशा कापडावर उतरवताना 'तांबड्या माळाची वस्ती' हे लांबलचक नाव नाल्याच्या रेघेत घुसत होतं. अक्षरांना जागा व्हावी म्हणून मी ठिपका तांदळाच्या दाण्याएवढा बाजूला सरकवला होता. तेव्हाच्या साहेबांनी तो नकाशा भिंतीला लावला होता, इतका देखणा झाला होता. पुढे तोच कॉम्प्युटरमध्ये चढला, सरकवलेल्या ठिपक्यासकट.

पहिली खेप तर तिथेच सोडावी लागली. मी एक हंडा कमरेला घेतला आणि बायकांबरोबर चढायला लागले. माझ्या मागून येणाऱ्या दोघी हसत होत्या, की बाई पाणी न्हेती का सांडती. अर्ध्यावर मला हंडा खाली ठेवावा लागला. तोवर मी दोनशे पावलं मोजली होती आणि वस्ती अजून तेवढीच वर होती. मला लाज वाटली. टँकर नाही आला तेव्हा या बायका आणखी कुठवर जात असतील, ते मी विचारलं नाही.

वर पोचल्यावर मी वसीमला फोन लावला आणि त्याने सांगितलं तसं मोबाईलवर ठिपका हलवायचं बटण शोधलं. "कुठं ठेवू?" मी विचारलं, आणि इथेच चुकले. प्रत्येकीला तो आपल्या दारात पाहिजे होता. एक म्हातारा म्हणाला, देवळापुढं ठेवा. दुसरा म्हणाला, देवळापुढं ठेवला तर पुजाऱ्याचीच म्हैस पिईल. भानुदासराव मध्ये पडले, तर त्यांना सगळ्यांनी मिळून सांगितलं, की सरपंच, तुमी आता बोट ठिवूच नका. शेवटी गयाबाई उठल्या, घरांच्या मधल्या मोकळ्या जागेतल्या लिंबाखाली जाऊन उभ्या राहिल्या आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरली.

"हितं ठिवा. समद्यांना सारकं पडल."

मी तिथे जाऊन उभी राहिले आणि बटण दाबलं. खाली ड्रायव्हरने मोबाईल पाहिला आणि दुसरी खेप थेट वर आणायचं कबूल केलं. बायकांनी लिंबाखाली हंडे मांडायला सुरुवात केली. एवढ्यात वसीमचा फोन आला.

"मॅडम, ठिपका बसला, पण नाव नाल्यावर चढलंय. एक अक्षर वाचता येत नाही. जरासा बाजूला घेऊ का? मुंगीएवढा."

"घेऊ नका," मी म्हटलं. "नाही वाचता आलं तर नको येऊ दे. इथं बायका रांगेत उभ्या आहेत."